ऊन काचेच्या अलीकडे की पलीकडे?

पश्चिमेच्या खोलीत दुपारपासून जाड, गडद पडदा ओढलेला असतो. दिवा लावावा इतका अंधार असतो. तरीही मे महिन्यात संध्याकाळी सहाच्या सुमारास त्या पडद्याला हात लावला तर तो चक्क गरम लागतो, आणि ती खोली घरातल्या बाकीच्या खोल्यांपेक्षा जास्त तापलेली असते. उजेड अडला, उष्णता मात्र आत आलीच. पडद्याच्या दुकानात कापड, रंग आणि नक्षी यांवर तासभर खल होतो. खिडकीचे तोंड कोणत्या दिशेला आहे हे क्वचितच कोणी विचारते. या कोड्याचे उत्तर कापडाच्या जाडीत सापडत नाही. त्यासाठी आधी काच कशी वागते ते पाहावे लागते.

काचेचा दुटप्पीपणा

सूर्यप्रकाशातल्या ऊर्जेपैकी जेमतेम निम्मी डोळ्यांना दिसते. उरलेली बहुतेक अवरक्त किरणांच्या रूपात येते आणि अगदी थोडी, सुमारे ५ टक्के, अतिनील किरणांच्या रूपात. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५,५०० अंश सेल्सिअस इतका तप्त आहे, आणि वस्तू जितकी तप्त तितके तिचे किरण आखूड तरंगलांबीचे. अशा आखूड किरणांना साधी पारदर्शक काच जवळजवळ मोकळी वाट देते. तिच्यावर समोरून पडलेल्या उन्हातली ८० टक्क्यांहून अधिक ऊर्जा आत पोहोचते.

आत आलेले ऊन पडद्यावर, गादीवर, फरशीवर पडते आणि त्या वस्तू तापतात. तापलेल्या वस्तूही किरण सोडतात. पण ३५-४० अंशांच्या वस्तूचे किरण लांब तरंगलांबीचे, १० मायक्रॉनच्या आसपासचे असतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. हे लांब किरण काचेतून आरपार जातच नाहीत. काच ते शोषते, स्वतः तापते आणि त्यातली बरीच उष्णता पुन्हा खोलीकडे सोडते.

पडद्यावर पडलेल्या उन्हाचे पुढे काय होणार, हे यावरून ठरते. पडद्याने ते जसेच्या तसे परतवले तर ते आखूड किरणांच्याच रूपात काचेतून बाहेर निघून जाते. पडद्याने ते शोषले तर त्याची उष्णता होते, आणि ती मग घरातच राहते. गडद पडदा उजेड उत्तम अडवतो, पण तो अडवण्याचे काम शोषून करतो. त्याच्या आणि काचेच्या मधल्या फटीतली हवा तापून वर चढते, पडद्याच्या माथ्यावरून खोलीत उतरते आणि खालून तुलनेने गार हवा त्या फटीत शिरते. हे चक्र ऊन आहे तोवर चालू राहते.

प्रमाणाचा अंदाज यावा म्हणून एक हिशेब. मे महिन्यातल्या निरभ्र दिवशी चार-पाचच्या सुमारास पश्चिमेच्या उभ्या काचेवर दर चौरस मीटरला ढोबळमानाने ६०० वॉट ऊन पडते. चार फूट बाय चार फुटांच्या खिडकीचे क्षेत्रफळ सुमारे दीड चौरस मीटर. म्हणजे एका खिडकीतून ७०० वॉटच्या आसपास उष्णता आत येते. खोलीच्या कोपऱ्यात एक इस्त्री सतत चालू ठेवली तर जे होईल, ते हेच.

कोणती खिडकी तापते?

दक्षिणेची खिडकी सर्वात गरम, असा सल्ला गृहसजावटीच्या पुस्तकांत हमखास आढळतो. तो युरोप-अमेरिकेच्या अक्षांशांवरून उचललेला असतो आणि महाराष्ट्रात उन्हाळ्यापुरता तरी चुकीचा ठरतो. महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्याने इथे वर्षातून दोनदा सूर्य मध्यान्ही थेट डोक्यावर येतो. या दोन्ही दिवसांना शून्य सावली दिवस म्हणतात. यांतला पहिला कोल्हापूरला मेच्या पहिल्या आठवड्यात, पुणे-मुंबईला मेच्या मध्यावर आणि नागपूरला २६ मेच्या आसपास येतो. विदर्भातला नवतपाही (ऐन उन्हाचे नऊ दिवस) त्याच सुमारास सुरू होतो. त्यानंतर जुलैपर्यंत मध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेकडेच असतो. ऐन उन्हाळ्यात दुपारी बारा वाजता दक्षिणेच्या खिडकीत सूर्य डोकावतच नाही. तो छपरावर असतो.

दक्षिणेच्या खिडकीची पाळी हिवाळ्यात येते. २२ डिसेंबरला मुंबईत मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून फक्त ४७ अंशांपर्यंत चढतो आणि ऊन तिरपे होऊन खोलीत लांबवर येते. पुणे, नाशिक किंवा महाबळेश्वरच्या घरात ते ऊन हवेसेच असते. त्यामुळे दक्षिणेला कायमचा गडद, जड पडदा टांगणे म्हणजे फुकटची ऊब नाकारणे. तिथे सहज बाजूला सारता येणारा, हलका पडदा पुरतो.

खरा ताप पूर्व-पश्चिमेचा. या दोन दिशांना सूर्य खाली उतरलेला असताना ऊन काचेवर जवळजवळ समोरून येते. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१८ साली निवासी इमारतींसाठी आणलेल्या ‘इको निवास संहिते’तही आपल्या अक्षांशांवर पूर्व आणि पश्चिमेच्या बाजूंना दक्षिणेपेक्षा जास्त भार धरला आहे. पूर्व आणि पश्चिम यांना मिळणारे ऊन जवळपास सारखेच, पण पूर्वेचे ऊन येते तेव्हा रात्रभर निवलेल्या भिंती ते सोसतात. पश्चिमेचे येते तेव्हा हवेचे तापमान दिवसातल्या शिखरावर असते आणि भिंती आधीच तापलेल्या असतात. शिवाय ती उष्णता झोपेच्या वेळेपर्यंत खोलीत रेंगाळते. घरात एकाच खिडकीवर पैसे खर्च करायचे असतील तर ते पश्चिमेच्या खिडकीवर करावेत.

उत्तरेला बहुतांश वर्ष मऊ, सावलीचा उजेड मिळतो. मे-जूनमध्ये मात्र सूर्य पूर्व-पश्चिमेच्या २० ते २५ अंश उत्तरेकडे उगवतो-मावळतो, त्यामुळे सकाळी लवकर आणि संध्याकाळी तिरपे ऊन उत्तरेच्या खिडकीलाही चाटून जाते. तिथे साधी जाळीही चालते.

छज्जा कुठे कमी पडतो

बहुतेक इमारतींत खिडकीवर दीड फुटाचा छज्जा असतो. तो पावसासाठी असतोच, पण सूर्य उंच असताना सावलीही देतो. सूर्य ६० अंशांवर असेल तर दीड फुटाचा छज्जा समोरच्या खिडकीवर सुमारे अडीच फूट सावली पाडतो. मे महिन्यात मुंबईचा सूर्य सातनंतर मावळतो. पाचच्या सुमारास तो २७ अंशांपर्यंत खाली आलेला असतो आणि त्याच छज्ज्याची पश्चिमेच्या खिडकीवरची सावली पाऊण फुटावर येते. साडेपाच-सहाला ती नावापुरतीच उरते. म्हणून पश्चिमेला आडवा छज्जा कितीही चांगला असला तरी उभा अडसर लागतोच.

मुंबईत यात आणखी एक पेच आहे. ऊन ज्या पश्चिमेकडून येते, समुद्राचा वाराही त्याच पश्चिमेकडून येतो. चार्ल्स कोरिया यांनी मुंबईत कंबाला हिलवर उभारलेल्या आणि १९८३ साली पूर्ण झालेल्या कांचनजंगा इमारतीत हा पेच उघडपणे सोडवलेला दिसतो. वारा आणि समुद्राचे दृश्य यांसाठी घरे पूर्व-पश्चिम मोकळी ठेवली, आणि ऊन-पाऊस अडवण्यासाठी दोन मजले उंचीच्या खोल गच्च्या मध्ये घातल्या. जुन्या बंगल्यांभोवतीच्या व्हरांड्याचेच हे उंच इमारतीतले रूप. दोन खोल्यांच्या घरात अशी चैन नसते. तिथे ऊन अडवून वारा येऊ देणारी वस्तू खिडकीवरच बसवावी लागते.

काचेबाहेरची सावली

काचेच्या बाहेर ऊन अडवले की वरचा सगळा प्रश्नच मिटतो. अडवणारी वस्तू तापली तरी ती बाहेर तापते आणि तिची उष्णता वारा घेऊन जातो. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या माहितीनुसार पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून लावलेले कापडी छत उन्हातून येणारी उष्णता ७७ टक्क्यांपर्यंत कमी करते. आतून लावलेला, मागे पांढरे प्लॅस्टिकचे अस्तर असलेला मध्यम रंगाचा पडदा ३३ टक्क्यांच्या आसपासच कमी करतो. देश वेगळा असला तरी काच तीच आणि सूर्यही तोच, त्यामुळे आत-बाहेरच्या या फरकाचा कल इथेही तसाच राहतो.

जुन्या घरांना ही गोष्ट आकड्यांवाचून ठाऊक होती. मुंबईच्या जुन्या चाळींत आणि गोव्यातल्या घरांत खिडक्यांना लाकडी झिलमिल्या असत. तिरप्या पट्ट्यांमुळे ऊन अडते, पाऊस बाहेर निथळतो आणि वारा मात्र पट्ट्यांच्या मधून येत राहतो. गोव्यात काही खिडक्यांना काचेऐवजी लाकडी चौकटीत शिंपल्यांचे पातळ, चपटे तुकडे बसवत. त्यांतून उजेड पांगून येतो आणि डोळ्यांना चटका बसत नाही. व्हरांड्याला बांबूच्या काड्यांचा चीक सोडत. चिकाच्या काड्यांमधल्या फटी वारा रोखत नाहीत, आणि तो दुपारी खाली सोडून संध्याकाळी गुंडाळता येतो.

आजही बाल्कनी असलेल्या घराला चीक हा स्वस्त आणि सर्वात सरस उपाय आहे. तो बाल्कनीच्या कठड्याच्या रेषेत टांगावा, आतल्या दाराला नव्हे. शेतीच्या दुकानात मिळणारी हिरवी शेडनेट हाही तसाच पर्याय. तिच्यावरचा ५०, ७५ किंवा ९० टक्के हा आकडा ती किती सावली देते ते सांगतो. वारा हवा असेल तर ७५ पुरे. दिसायला ती शोभिवंत नाही, हे खरे. उंच मजल्यांवर मात्र बाहेरची कोणतीही लोंबती वस्तू वाऱ्याने सुटून खाली पडण्याचा धोका असतो आणि अनेक सोसायट्या इमारतीच्या दर्शनी भागाला हात लावू देत नाहीत. तिथे ग्रिलच्या आत, पण काचेच्या बाहेर, चौकटीला वर-खाली दोन्हीकडे ताणून बसवलेली जाळी हा मधला मार्ग.

वाळ्याचा पडदा या सगळ्यांहून वेगळे काम करतो. तो सावली देतो, शिवाय हवा गार करतो. त्यावर शिंपडलेले एक लिटर पाणी पूर्ण वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता शोषते. वर ज्या खिडकीचा हिशेब केला तिच्यातून तासाभरात जवळपास एवढीच उष्णता येते. अट एकच: येणारी हवा कोरडी हवी. नागपूर, अकोला, चंद्रपूरच्या मे महिन्यात ती असते, म्हणून तिथे वाळ्याच्या ताट्या शोभल्या. रत्नागिरी किंवा मुंबईच्या दमट हवेत पाणी वाळतच नाही. तिथे वाळा सुगंध देतो, गारवा नाही.

┌─ चौकट: दिशा पाहून निवड ─┐
पश्चिम: शक्य तर काचेबाहेर चीक, जाळी किंवा झिलमिली, आत पांढऱ्या पाठीचा पडदा.
पूर्व: तसेच, पण निजायच्या खोलीत उजेड अडवणारे अस्तरही.
दक्षिण: हलका पडदा, हिवाळ्यात दिवसा उघडा.
उत्तर: जाळी किंवा पातळ सुती कापड.
└──────────────┘

आत लावायचाच असेल तर

शहरातल्या बहुसंख्य खिडक्यांना बाहेर काही लावता येत नाही. मग आतल्या पडद्याकडून शक्य तेवढे काम करून घ्यायचे. पहिली गोष्ट, काचेकडची बाजू पांढरी किंवा चकचकीत हवी. खोलीच्या बाजूला रंग कोणताही चालतो. दुकानात दाखवताना पडद्याची पुढची बाजू समोर धरली जाते. उष्णतेच्या दृष्टीने पाठ पाहणे महत्त्वाचे. गडद निळा पडदा आवडला असेल तर त्याला पांढरे अस्तर लावून घ्यावे.

दुसरी गोष्ट, गरम हवेचे ते चक्र तोडायचे. पडद्याच्या माथ्यावर छतापर्यंत किंवा भिंतीला टेकलेली पेल्मेटची पेटी असेल तर वरून हवा उतरू शकत नाही. जुन्या फ्लॅटमधल्या लाकडी पेल्मेट काढून उघड्या दांडीवर आयलेटचे पडदे लावण्याची पद्धत आली, तेव्हा दिसायला सुटसुटीतपणा आला आणि हा फायदा गेला. पडदा दोन्ही बाजूंना भिंतीवर सहा-आठ इंच पसरेल एवढी दांडी लांब ठेवली तर कडेच्या फटीही मिटतात. एक सावधगिरी: खिडकीला रंगीत, उष्णता शोषणारी काच असेल तर पडदा काचेला अगदी चिकटवून लावू नये. काचेचा मधला भाग खूप तापून कडा गार राहिल्या तर ताणाने काच तडकू शकते. बोटभर नव्हे, दोन इंच अंतर हवे.

एसीच्या खोलीत हे सगळे दुपटीने लागू होते. एसी नसलेल्या आणि दमट गावातल्या खोलीत मात्र चक्र तोडण्यापेक्षा वारा महत्त्वाचा. तिथे पडदा घट्ट बंद करून मिळते त्याहून जास्त सुख खिडकी उघडून मिळते. विदर्भ-मराठवाड्यात दुपारी बाहेरची हवाच आतल्यापेक्षा गरम असते, म्हणून तिथे उलट शिस्त: सकाळी नऊनंतर खिडक्या आणि जाड पडदे बंद, रात्री सताड उघडे.

दिवसा दिसते, रात्री का उघडे पडते?

पातळ जाळीचा पडदा लावला की दिवसा घरातून रस्ता दिसतो आणि रस्त्यावरून घर दिसत नाही. दिवे लागले की नेमके उलटे होते, आणि हे नव्या घरात बऱ्याचदा पहिल्या रात्रीनंतर शेजाऱ्यांकडून कळते. जाळीत एकतर्फी असे काहीही नाही. डोळ्यांपर्यंत दोन प्रकारचा उजेड येतो: जाळीच्या भोकांतून पलीकडच्या वस्तूंचा, आणि जाळीच्या धाग्यांवरून पांगून आलेला. ज्या बाजूला उजेड जास्त, त्या बाजूने धागे झगझगीत दिसतात आणि पलीकडची मंद वस्तू त्या झगमगाटात हरवते. दिवसा बाहेर १०,००० लक्सपेक्षा जास्त उजेड असतो, घरात दोन-तीनशे लक्स. रात्री पारडे फिरते.

यातून दोन गोष्टी निघतात. रात्रीच्या खाजगीपणासाठी जाळी पुरत नाही. दुहेरी दांडीवर पुढे जाड पडदा लागतोच. आणि बाहेरचे दृश्य स्वच्छ हवे असेल तर जाळी गडद रंगाची घ्यावी, कारण गडद धागे कमी उजेड पांगवतात. पांढरी जाळी उष्णता जास्त परतवते पण दृश्यावर धुके आणते. सनस्क्रीन म्हणून विकल्या जाणाऱ्या रोलर ब्लाइंडच्या कापडावर १, ३, ५, १० टक्के असे आकडे असतात. ते कापडातल्या मोकळ्या भोकांचे प्रमाण. दहा टक्क्यांच्या कापडातून समुद्र दिसेल आणि ऊनही येईल. एक टक्क्याच्या कापडातून दोन्ही जेमतेम.

कापड, पट्ट्या, गुंडाळ्या

आडव्या ॲल्युमिनियम पट्ट्यांचा व्हेनेशियन ब्लाइंड उजेडाची दिशा बदलू शकतो, हे त्याचे वैशिष्ट्य. पट्ट्या वरच्या दिशेने तिरप्या केल्या तर उजेड छतावर जाऊन पांगतो आणि टेबलावर चमक येत नाही. अभ्यासाच्या खोलीला तो चांगला. धूळ पुसण्याचा कंटाळा असेल तर वाईट. उभ्या पट्ट्यांचे ब्लाइंड पूर्व-पश्चिमेच्या रुंद काचांना बरे, कारण सूर्य ज्या तिरप्या कोनात येतो त्याकडे पट्ट्यांची पाठ वळवता येते. झेब्रा ब्लाइंडमध्ये जाळीचे आणि जाड कापडाचे पट्टे एकाआड एक असतात. ते एकमेकांसमोर सरकवून उजेड कमी-जास्त करतात. पण पूर्ण बंद केला तरी त्यातून उजेडाच्या रेघा झिरपतात, त्यामुळे निजायच्या खोलीसाठी तो अपुरा. पूर्ण अंधार हवा तर ब्लॅकआउट कापड: दोन थरांमध्ये काळा धागा विणलेले किंवा मागे काळा आणि त्यावर पांढरा लेप चढवलेले. घडी घालून ठेवल्यास लेपाला तडे जातात आणि टाचणीएवढे उजेडाचे ठिपके दिसू लागतात.

कोकणात आणि मुंबईत कापड निवडताना पावसाळा आठवावा. सुती कापड आणि बांबू दमटपणा धरतात आणि जुलैत त्यांवर बुरशीचे ठिपके येतात. पॉलिएस्टर लवकर वाळते, म्हणून ते तिथे व्यवहार्य. खाऱ्या हवेत लोखंडी दांड्या आणि स्प्रिंगा गंजतात. रेशीम उन्हाच्या खिडकीला लावूच नये. काच अतिनील किरणांतला त्वचा भाजणारा भाग बहुतेक अडवते, पण उरलेला भाग आत येतो आणि त्याने रेशमाचे धागे कुजतात. पडदा चुण्यांच्या रेषांवर फाटतो. स्वयंपाकघरात शेगडीजवळ लोंबते कापड नको, पुसता येणारी पट्टी किंवा आखूड गुंडाळीच हवी.

मापे आणि दोऱ्या

तयार पडदे बहुधा चार फूट रुंद आणि पाच, सात किंवा नऊ फूट उंच मिळतात. पाचाचा खिडकीला, सात-नऊचे दारांना. चुण्या नीट पडायला कापडाची रुंदी दांडीच्या लांबीच्या दुप्पट हवी. म्हणजे पाच फुटांच्या दांडीला तीन पडदे; दोन लावले तर ओढल्यावर ते ताणलेल्या चादरी होतात. ब्लाइंड चौकटीच्या आत बसवायचा असेल तर रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीनदा मोजून सर्वात कमी माप द्यावे, कारण जुन्या बांधकामात चौकट क्वचितच काटकोनात असते. सरकत्या खिडकीचा हँडल आणि डासांची जाळी ब्लाइंडला अडत नाही ना, हेही त्याच वेळी पाहावे.

लहान मुले असलेल्या घरात ब्लाइंडची लोंबती दोरी किंवा साखळीचा फास हा खरा धोका आहे. गळ्याभोवती अडकून मुले दगावल्याच्या घटना अनेक देशांत नोंदल्या गेल्या आहेत. युरोपीय मानकानुसार दोरी जमिनीपासून किमान दीड मीटर उंच राहायला हवी. अमेरिकेत २०१८ अखेरपासून दुकानात तयार मिळणारे ब्लाइंड दोरीविना किंवा हाताला न लागणाऱ्या दोरीचेच असावेत असा दंडक आहे. इथे स्प्रिंगवर चालणारे, दोरी नसलेले रोलर मागितले तर मिळतात. साखळीचाच घेतला असेल तर ती भिंतीला ताणून धरणारी प्लॅस्टिकची क्लिप खोक्यात असते. बसवणारा माणूस जाण्याआधी ती स्क्रूने भिंतीत बसवून घ्यावी, आणि पाळणा किंवा पलंग त्या खिडकीखाली ठेवू नये.